बेतलेलं घर

घर कुणी बांधतं, कुणी विकत घेतं. महानंदाबाईंनी लातुरातली आपली एक खोली बेतली होती. जन्मभर ब्लाऊज शिवलेल्या बाईला तोकड्या कापडाची भीती नसते. सुताराच्या डोक्यावर बसून त्यांनी अशा काही फळ्या ठोकून घेतल्या, की बिचाऱ्यानं हात टेकले. ओट्याखालची फळी ओढली की जेवायचं टेबल. खिडकीखालची उचलली की कापड कापायची जागा. नवरा गेल्यावर ह्याच खोलीनं त्यांना पोसलं.

आता उदगीरचा धाकटा भाऊ अमरेश खोली विकायला गिऱ्हाईक घेऊन आला होता. एकट्या बाईनं शहरात राहणं बरं दिसत नाही, असं भावकीनं ठरवलं होतं. कुणाला बरं दिसत नाही, ते मात्र कुणी सांगेना. मध्यंतरी गुडघे दुखायला लागले तेव्हा महानंदाबाई 'बघू' म्हणाल्या होत्या. अमरेशनं त्याचा सोयीनं 'हो' करून टाकला.

गिऱ्हाईक म्हणजे धर्माबादचे वैजनाथराव. त्यांची बायको तनुजा हरखून एकेक फळी ओढून बघत होती. वैजनाथरावांनी मात्र नाक मुरडलं. "ह्या समद्या फळ्या काढाव्या लागतील. अन् मावशी, देवघर कुठाय?"

महानंदाबाईंनी पदराआडचं इष्टलिंग दाखवलं. "आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यात हाय. माझ्या घरात त्याचीबी अडचण होत न्हाई."

तनुजा खुदकन हसली. अमरेश घाईनं म्हणाला, "अक्का, उदगीरला लई जागा हाय. मधल्या खोलीतली पोती सरकवून तुझी बाज टाकू."

"अन् मशीन?"

"मशीन कशाला आता? बसून खायचं."

भावाचं दुमजली घर, आणि बहिणीला पोत्यांशेजारी जागा! महानंदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बेतायला कापड लागतंय, अमरेश. तू मला चिंधी द्यायलास. घर विकायचं न्हाई."

"अगं, माणसं धर्माबादहून आलीत!"

महानंदाबाईंनी भिंतीची कडी काढली. आत उभा करून ठेवलेला पलंग धाडकन खाली आला. तो पडला की त्या खोलीत उभं राहायलासुद्धा जागा उरत नाही. तिघंही मागं सरकत सरकत थेट जिन्यात गेले. पलंगावर ऐसपैस पाय पसरत महानंदाबाई म्हणाल्या,

"दार ओढून घे, अमरेश. मला माझ्या घरात पडायचंय."