खडूची रेघ

माझ्या नणंदेला सगळी शाळा रेघबाई म्हणते. पहिलीच्या वर्गात त्या रोज सकाळी जमिनीवर खडूने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ मारतात. खिडकीकडे घरची बोली, फळ्याकडे इंग्रजी. पोराला काही सांगायचं असलं की आधी खिडकीकडे उभं राहून मनसोक्त सांगायचं, मग रेघ ओलांडून तेच इंग्रजीत. एका बाजूला दुसऱ्या बाजूची भाषा निघाली की अख्खा वर्ग ओरडतो, "रेघ!" मग जागा न सोडता तेच त्या बाजूच्या भाषेत पुन्हा म्हणायचं. मोडकंतोडकं चालतं, वन्सं लगेच दुरुस्त करतात.

मी शेजारी दुसरीला शिकवते. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे माझा एक कान कायम तिकडे.

यंदा या रेघेवरून शिंपीदादांनी रान उठवलं. त्यांची मुलगी पहिलीत. पालकसभेत ते म्हणाले, "घरचं बोलायला पोरगी घरीच शिकली, त्यासाठी शाळा कशाला? दुकानात गिऱ्हाईक इंग्रजीत झापतं आणि मी नुसती मान डोलावतो. तिच्यावर ती वेळ नको."

खरं सांगते, त्यांचं म्हणणं मलाही थोडं पटलं. वन्सं मात्र फणकारल्या, "मीही इंग्रजीच शिकवते. पण पोरांची तोंडं शिवून नाही."

शिंप्यासमोर हे बोलायचं म्हणजे कमालच. हेडसरांनी निकाल दिला, "मी स्वतः वर्ग बघतो. पटलं नाही तर पहिली दुसऱ्या बाईंकडे." सारी नोकरी पहिलीत काढलेल्या वन्संचा त्या दिवशी डबा तसाच परत आला.

ठरल्या दिवशी मी माझ्या पोरांना चित्रं काढायला बसवलं आणि सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. शिंपीदादाही बघायला आलेले, फळ्याजवळ हाताची घडी घालून उभे. हेडसर आले ते तडक खिडकीपाशी गेले आणि शिंपीदादांच्या मुलीला विचारलं, "व्हॉट डज युअर फादर डू?"

"रेघ!"

अख्खा वर्ग ओरडला, थेट हेडसरांवर. "सर, इथं घरचं बोलायचं असतं," मुलगी शांतपणे म्हणाली. सर बाहेरगावचे. इथली बोली त्यांना कळे, पण जीभ कधी वळवली नव्हती. मुलीने तोच प्रश्न बोलीत सांगितला, सर मागून म्हणाले आणि साफ घसरले.

"पुन्हा," ती म्हणाली, हुबेहूब वन्संच्या सुरात. दुसऱ्यांदा जमलं तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या आणि सरही चक्क खुलले.

मग पोरगी सुटलीच. काजं, बटणं, मशीनचा खडखडाट, सगळं घरच्या बोलीत सांगून टुणकन रेघेपलीकडे गेली. "माय फादर मेक्स शर्ट्स. ही सिंग्ज विथ पिन्स इन हिज माउथ."

तोंडात टाचण्या धरून गाणारा बाप कुठल्या पाठ्यपुस्तकात असतो? मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या. शिंपीदादांची घडी केव्हाच सुटली होती. ते सरांना म्हणाले, "सर, या बाईंना हलवू नका."

ते फळ्याकडे होते आणि बोलले होते घरचं.

"रेघ!"

शिंपीदादांचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकापुढे मान डोलावणारा माणूस, आता एवढ्या लोकांसमोर. मुलगी सांगायला पुढे झाली, तर त्यांनी तिला हातानेच थांबवलं. घसा खाकरला.

"दिस टीचर... गुड. शी स्टे. प्लीज."

सरांनी आधी आपल्या पायाखाली बघितलं. मग ते इथल्या बोलीत "राहतील" म्हणाले.

सगळी पोरं वन्संकडे बघत राहिली, आता त्या शिंपीदादांचं इंग्रजी दुरुस्त करणार म्हणून. वन्संनी ते वाक्य तसंच राहू दिलं.