नसीमाआपांनी घेतलेली अ‍ॅपची मुलाखत

कुणी मोबाइल पुढं केला की नसीमाआपा चष्मा कपाळावर चढवायच्या, फोन हातभर लांब धरायच्या आणि कामावर आलेल्या नव्या नर्सला विचारावं तसं त्याला विचारायच्या, “बोल बेटा, पेशंटशी कशी बोलतीस?”

पुंडलिकनगरात माझ्या थोरल्या बहिणीचा स्त्रीरोगांचा दवाखाना आहे. आपा तिथल्या सर्वांत जुन्या सिस्टर. ताई औषध लिहून द्यायची. ते घ्यायचं की नाही, हे पोरी आपांचा चेहरा बघून ठरवायच्या.

पीसीओएस हा पाळीचा आजार असलेल्या मुली हल्ली पाळीच्या तारखा मोबाइलवरच टिपतात. कुठलं अ‍ॅप चांगलं, असं त्या विचारू लागल्या तेव्हा ताईनं ते काम माझ्या गळ्यात मारलं. मी कॉलेजात संगणक शिकवतो. म्हणजे तिच्या मते रिकामाच असतो. मी बारा अ‍ॅप उतरवून घेतली, ‘कुमारी चाचणी’ नावाची काल्पनिक पेशंट जन्माला घातली, तिच्या तारखा सगळीकडं भरल्या आणि रंग, अक्षरं, वेग यांना गुण देत झकास तक्ता केला. पहिल्या आलेल्या गुलाबी अ‍ॅपच्या इतका प्रेमात पडलो, की बाकावर बसलेल्या वर्षा नावाच्या अशाच एका पेशंटच्या फोनमध्ये ते तिथल्या तिथं घालूनही दिलं. वर्षा शेंद्र्याच्या एका कारखान्यात नुकतीच लागली होती. कुमारीचं कौतुक दवाखानाभर सांगितलं, आपांना मात्र तक्ता दाखवला नाही. त्यांना संगणकातलं काय कळणार!

दोनेक महिन्यांनी वर्षाची आई तिला दंडाला धरून दवाखान्यात आली. दुसऱ्या हातातल्या फोनवर गुलाबी फुगे उडत होते : ‘अभिनंदन! तुम्ही आई होणार आहात!’

“लग्नाचा पत्ता नाय अन् हे काय थेर?” आई कडाडली. “उद्यापासून कारखाना बंद. मामाकडं धाडते हिला.”

“आई, तसलं काय बी नाय गं,” वर्षा रडत होती.

आपांनी दोघींना आत नेऊन दार लावलं. ताईनं तपासलं, खरंच तसलं काही नव्हतं. पण आईचा भरवसा रिपोर्टपेक्षा फुग्यांवर जास्त. मग वर्षाला विचारून आपांनी मला आत बोलावलं.

“सर, तुमच्या त्या कुमारीची पाळी कधी यायची?”

“दर अठ्ठावीस दिवसांनी,” मी अभिमानानं म्हणालो. “एक दिवस इकडं की तिकडं नाही.”

“मंग ती आमच्या दवाखान्यात कशाला आली होती?”

पाळी लांबणं हाच ज्या आजाराचा त्रास, त्याची अ‍ॅप मी ठणठणीत बाईवर तपासली होती!

“फोन द्या तुमचा.” आपांनी गुलाबी अ‍ॅप उघडलं. माझं नाव, माझं वय, शेवटच्या पाळीची तारीख सत्तर दिवसांमागची. बटण दाबताच फुगे! फोन आईच्या डोळ्यांपुढं धरून आपा म्हणाल्या, “बघा बाई, सरांना पण दिवस गेले.”

बाईंनी माझ्या मिशीकडं पाहिलं, मग पोटाकडं. दुर्दैवानं पोटानं पुरावा तयारच ठेवला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खुदकन हसल्या. पाठोपाठ वर्षा.

हसू ओसरल्यावर आपा आईजवळ बसल्या. “या आजारात पाळी लई लांबती. या येड्या मोबाइलला तेवढं ठाऊक नाय. पोरगी आजारी हाय, गुन्हेगार नाय. औषध बी चालू, कारखाना बी चालू. काय?”

“व्हय सिस्टर,” आई म्हणाली.

त्या आठवड्यात आपांनी बाराही अ‍ॅपच्या मुलाखती घेतल्या. दोनच प्रश्न. पाळी लांबली तर काय बोलतीस? आणि पोरीनं सांगितलेलं बाहेर कुणाला सांगतीस? फुगे उडवणारी पहिल्या प्रश्नात गेली, जाहिरातवाल्यांना माहिती पुरवणारी दुसऱ्यात. “उशीर झालाय, डॉक्टरांना दाखवा” एवढंच म्हणून गप्प बसणारी दोन टिकली. दिसायला साधीच होती. माझ्या तक्त्यात तळाला.

आपा आता निवृत्त होऊन वैजापूरला लेकीकडं राहतात. वर्षा कारखान्यात तिच्या लाइनची प्रमुख झाली, ही बातमी मीच त्यांना फोनवर दिली. खूश झाल्या. गुलाबी अ‍ॅप अजून माझ्या फोनमध्ये आहे. हुशारी फार चढली की उघडून बघतो. हे आपांना ठाऊक आहे. म्हणून फोन ठेवताना त्या न चुकता बजावतात, “सर, जपून राहा. जड काय उचलू नका.”