नानांच्या भरताला एक स्टार

मंडळी, आज दुपारी नरडाण्यात आमच्या हॉटेलवाल्या नानांनी मला गल्ल्यापाशी बोलावलं. कुणा परगावच्याने मोबाईलवर एकच स्टार देऊन लिहिलं होतं, "भरीत जळकं, धुराचा वास."

अरे, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? माझं डोकंच फिरलं. मी उत्तर टाइप केलं, "भरीत कळत नसेल तर पनीर खा."

नाना म्हणाले, "खोड ते. पाव्हना शे तो. लिही, पुढच्या खेपेला आधी सांगा, तुमचं वांगं गॅसवर भाजू."

खोडता खोडता मला आठवलं. गेल्या आठवड्यात जळगावात पोहे गार मिळाले, तेव्हा मीही एक स्टार ठोकून निघून आलो होतो. मालक तर समोरच उभा होता. त्याला तोंडाने का नाही सांगितलं?

तुम्ही सांगता?