सुकन्याबाईंचे अकरा ठिपके

लातूरच्या लॅबमध्ये मी सुकन्याबाईंच्या शेजारी वीस वर्षं काम केलं, म्हणून सांगते. भूकंपाच्या साली औशाच्या छावणीत त्यांनी शेकड्यांनी रक्तं तपासली. तेव्हापासून एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर मांडून बघायचं, ही त्यांची खोड. आम्ही हसायचो.

पुढं शहरात क्लासेसचं पीक आलं. एका वसतिगृहानं बोटाला टोचून साखर सांगणारं यंत्र घेतलं आणि अकरा मुलींना शुगर आहे असं परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरला विचारायची गरजच काय यांना! त्यातली एक चाकूरची मनस्विनी. तिचा भात, गूळ बंद, वेळेला एकच भाकरी. वर बापाला निरोप, पोरीला घेऊन जा, आजारी मुलं आमचा निकाल पाडतात. परीक्षा दोन महिन्यांवर होती. अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठं मैत्रिणींनी तिला आमच्याकडं आणलं. बाईंनी शिरेतलं रक्त घेतलं. साखर ठणठणीत, हिमोग्लोबिन सहा! बाईंनी बाकीच्या दहाजणींनाही बोलावून त्यांचंही रक्त तपासलं आणि ग्राफपेपर काढला. आडवं हिमोग्लोबिन, उभं यंत्रानं लॅबपेक्षा साखर किती जास्त सांगितली ते. ठिपके घसरगुंडीसारखे उतरत गेले. जिच्या अंगात रक्त कमी, तिची साखर यंत्र जास्त दाखवत होतं.

कागद घेऊन आम्ही वसतिगृहात गेलो. मनस्विनीचे वडील गुरुपादप्पा तिची ट्रंक न्यायला आलेच होते.

"मशीन खोटं बोलत नसतं, बाई," संचालक म्हणाले.

"अशक्त मुलीचं रक्त त्याला नीट कळत नाही, साहेब. हा कागद मशीनशेजारी लावा. मशीन साखर जास्त सांगेल तिला आधी लॅबमध्ये पाठवा, हिमोग्लोबिन बघा, मग काय ते ठरवा."

गुरुपादप्पांनी सगळ्यात वरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही कोण?"

"तुमची मनस्विनी."

ते संचालकांकडं वळले. "म्हंजी माझ्या पोरीच्या अंगात रगत न्हाई, अन् तुमी तिचं जेवणच तोडलं?"

संचालक यंत्राची डबी बंद करत राहिले. गुरुपादप्पांनी ट्रंक खाली ठेवली, लेकीचा हात धरून तिला जेवणघरात नेलं आणि आचाऱ्याला म्हणाले, "वाढ तिला. मी हितंच बसून हाय."