रजिस्टरात नसलेली मुलगी

माझा मामा फादरांच्या शाळेत अडतीस वर्षं कारकून होता. त्याच्या प्रवेश-रजिस्टरात एक खाडाखोड सापडायची नाही. नवा शिक्षक आला की मामा त्याला हजेरी भरायला शिकवायचा आणि शेवटी आपलं ठरलेलं वाक्य ऐकवायचा, "जे रजिस्टरात नाही, ते झालंच नाही." पोरं त्याला शाईमास्तर म्हणत, कारण त्याचं मधलं बोट बारा महिने निळं. घरी आम्हीही म्हणायचो, तो पाठमोरा असताना.

शाळेत मुलींना प्रवेश मिळाला त्याला यंदा पन्नास वर्षं झाली. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास मामानंच लिहावा असं ठरलं. लिहिलेले कागद घेऊन तो आमच्याकडे आला आणि आईच्या शिलाई मशीनसमोर बसला. आई त्याच शाळेतल्या मुलींचे गणवेश शिवते.

शाळा आधी फक्त मुलांची होती. पलीकडे सिस्टरांची मुलींची शाळा, पण ती सातवीपर्यंत. पुढे मुलींनी घरी बसायचं. तेव्हाच्या मुख्याध्यापक फादरांना हे खुपायचं. त्यांनी बिशपांकडे परवानगी मागितली, आणि उत्तराची वाट न बघता मामाला म्हणाले, "तुझ्या बहिणीला आठवीत आणून बसव. परवानगी आली की नाव चढवू." मामाची नोकरी नवी, नाही म्हणता येईना. आई वर्षभर चाळीस मुलांमागे शेवटच्या बाकावर बसली. तपासणी आली की तिला चर्चमागच्या खोलीत मेणबत्त्यांच्या खोक्यांवर बसवत. बीजगणित ती तिथंच शिकली. वार्षिक परीक्षेत तिसरी आली. मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, हे ती अजून चवीनं सांगते.

परवानगी आली तेव्हा त्या फादरांची बदली झाली होती. नवे फादर कडक. त्यांनी मामाला विचारलं, "याआधी कुणी मुलगी वर्गात बसत होती का?" मामा म्हणाला, "नाही." परवानगीशिवायचं ते वर्ष आपल्या अंगाशी येईल, अशी त्याला भीती वाटली. घरी येऊन आईला म्हणाला, "पुन्हा आठवीत नाव घालू. एका वर्षानं काय बिघडतं?"

"मी नापास झाले का?" आईनं विचारलं. ती गेली नाही. दुसऱ्या गावच्या शाळेत जावं तर दाखला नाही, कारण नावच नव्हतं. मला मामाचा राग येतो. तो माणूस वाईट नाही, म्हणून जास्तच येतो.

या खेपेला मात्र त्यानं सगळं लिहून आणलं होतं, स्वतःच्या खोटेपणासकट. आईनं चष्मा लावून वाचलं.

"छापतील?"

"मी लिहिलंय म्हटल्यावर का नाही छापणार?"

शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी ते पान परत केलं. "काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण रजिस्टरात पहिलं नाव डॉक्टरांच्या मुलीचं आहे. हजेरी भरायला तुम्हीच शिकवलंत मला. जे रजिस्टरात नाही..." मामानं आईच्या वर्गातले दोघं-तिघं शोधून काढले. एक मुलगी बसायची, एवढं त्यांना आठवत होतं. वर्ष कुणालाच सांगता येईना.

समारंभाला आई इस्त्रीची साडी नेसून गेली. पहिली विद्यार्थिनी म्हणून डॉक्टरांच्या मुलीला व्यासपीठावर बोलावलं, तेव्हा आईनंही टाळ्या वाजवल्या. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ती फुलं देणारी पोर बघ, बाही उसवलीय तिची. घरी घेऊन ये म्हणावं." मला रडू आवरेना.

चार दिवसांनी मामा आला. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा एक जुना कोरा छापील कागद त्याच्याकडे राहिला होता. त्यावर त्यानं मोत्यासारख्या अक्षरांत आईचं नाव, इयत्ता आठवी, प्रगती उत्तम, असं सगळं भरलं होतं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'कारकून घाबरला.'

आईनं तो दोनदा वाचला.

"शिक्का नाही यावर."

"नाही."

"आणि आता हा घेऊन मी कुठल्या शाळेत जाऊ, दादा?"

आईनं दाखल्याची घडी घालून तो मशीनच्या खणात ठेवला, आणि त्या पोरीची बाही सुईखाली घेतली.