माणशी एक घागर
मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते टँकरवर पाणी भरायचं. लातूर जिल्हा नवाच झाला होता, पण पाऊस जुन्याच जिल्ह्यात राहून गेल्यासारखा आमच्याकडं फिरकत नव्हता. टँकरवर माणशी एक घागर मिळायची. दोन लेकींवर थांबून मी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं, लेकी नांदायला गेलेल्या, म्हणून आमच्या घागरी दोनच. शेजाऱ्याची सात लेकरं सात घागरी भरून निघाली तसा माझा जळफळाट झाला. "सरकारचं ऐकून फसलो बघ," मी म्हणालो, "ह्यांच्याकडं हातच हात हायेत." ती हसली. "तोंडं बी सात हायेत की! त्यांची चूल बघा एकदा, मग जळा." मी काही बघायला गेलो नाही. त्याच दुपारी तिला ऊन लागलं, अन् दिवस मावळायच्या आत ती गेली. आता म्हातारपणीही टँकर दिसला की तिच्याआधी ती सात पोरंच आठवतात, खोटं कशाला बोलू. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शेवटची आंघोळ घालायला घरातलं पाणी पुरेना, तेव्हा मी रिकामी घागर उचलली आणि त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिलो.