तीन न कापलेले अंक

छापखान्यात त्याला सगळे काटकोन म्हणत. बाइंडिंग खात्यात त्याने तेहतीस वर्षं काढली, पण त्याच्या हातून वाकडी कड म्हणून बाहेर पडली नाही. घरीसुद्धा तेच. बायकोने ताट जरा तिरकं ठेवलं की आधी ते सरळ करायचा, मग तिच्याकडे नुसता बघायचा. त्या बघण्यापेक्षा चार शब्द परवडले, असं ती म्हणे.

त्याचा जीव होता तो एका जुन्या विनोदी चित्रकथांच्या मासिकावर. लठ्ठ पोस्टमन, आणि त्याच्या पिशवीतली पत्रं खाणारी शेळी. एकूण चव्वेचाळीस अंक निघाले नि मासिक बंद पडलं. त्याच्याकडे एक्केचाळीस होते. उरलेले तीन तो सोळा वर्षांचा असताना घरातून नाहीसे झाले. धाकटा भाऊ तेव्हा अकराचा. काटकोनाने त्याला जिन्यात उभा करून, शेजारपाजाऱ्यांच्या देखत, लाकडी पट्टीने फोडून काढला. "मी नाही घेतले, दादा," एवढंच ते पोरगं म्हणत राहिलं.

पुढे त्या चोरीची थट्टा झाली. लग्नकार्यात धाकटा दारात दिसला की काटकोन मोठ्याने म्हणायचा, "घड्याळं सांभाळा रे, आमचे बंधू आले." लोक हसायचे. धाकटाही हसायचा. हॉस्पिटलात लिफ्ट चालवत त्याने आयुष्य काढलं आणि गेल्या वर्षी त्याच हॉस्पिटलात वारला. महिन्याभराने त्याची बायको एक पाकीट घेऊन आली. "भाऊजी, हे तुमचं. तुम्हाला द्यायला सांगितलं होतं."

आत ते तीन अंक होते.

"शेवटी दिले म्हणायचे," काटकोन म्हणाला. "जाताना तरी लाज वाटली."

ती चहा न घेता गेली.

मग पेपरात आलं की त्या मासिकाचा एक अंक ग्रेडिंग होऊन चांगल्या किमतीला गेला. ग्रेडिंग म्हणजे अंक तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवायचा. ते त्याला दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचा बंद करतात. दर अंकाला फी बरीच. काटकोनाने चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस अंक कापडात बांधले आणि जुन्या चित्रकथांच्या दुकानात गेला.

दुकानाची मालकीण चाळिशीतली, तोंडाने फटकळ. तिने पहिला अंक उचलला, फूटपट्टी लावली, दुसरा उचलला, तिसरा.

"हे कापलेत कोणी?"

"मीच," काटकोन छाती फुगवून म्हणाला. "कडा पिवळ्या पडल्या होत्या. मशीनवर तिन्ही बाजूंनी घेतल्या. एक अंक दुसऱ्यापेक्षा केसभर मोठा निघाला तर सांगा."

"आणि पिना?"

"गंजल्या होत्या. नव्या मारल्या."

बाई खुर्चीत मागे टेकली. "काका, तुम्ही यांची हजामत केलीत हो." मागे खोकी लावणारी दोघं फिसकन हसली. "कडा कापलेल्या, पिना बदललेल्या. यांच्या ग्रेडिंगची फी भरायची म्हणजे मेलेल्या माणसाला टॉनिक पाजायचं. नातवंडांना द्या, वाचतील तरी."

नातवंडांना त्याने कधी हात लावू दिला नव्हता.

खालचे तीन उचलल्यावर मात्र बाई सावरून बसली. तिने भिंग काढलं. "हे पाठवा. जुन्या पिना, कडा शाबूत, आतला कागद अजून पांढरा. मागे शिक्का आहे त्याने थोडे गुण जातील, पण ठीक आहे."

"कसला शिक्का?"

"जुनी पुस्तकं विकणाऱ्याचा. विकल्याची तारीखसुद्धा आहे बघा."

काटकोनाने चष्मा वर केला. तारीख त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची होती. म्हणजे जिन्यातल्या मारानंतर आठ वर्षांनी. धाकट्याला तेव्हा नुकताच पहिला पगार झाला होता. लग्नाच्या दिवशी तो मांडवाच्या दारात आला तेव्हा त्याच्या काखेत एक पाकीट होतं. काटकोनाने त्याला पाहून घड्याळांचा विनोद केला, सगळा मांडव हसला, आणि धाकटा ते पाकीट तसंच घेऊन मागे फिरला होता.

मूळचे तीन कुठे गेले, कोण जाणे.

"पाठवू ना?" बाईने विचारलं.

"उद्या सांगतो," म्हणून तो उठला आणि थेट भावजयीच्या घरी गेला. ती इस्त्री करत होती. पुतणी कपड्यांच्या घड्या घालत होती. काटकोन खुर्चीच्या कडेवर बसला. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुतणीनेच विचारलं, "काका, तुम्ही बाबांना सगळ्यांसमोर चोर का म्हणायचात?"

"अगं, गंमत असायची ती," तो म्हणाला.

"घरी येऊन जेवायचे नाहीत ते त्या दिवशी," भावजय इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली. "पाणी हवंय का, भाऊजी?"

पाणी पिऊन तो निघाला. जिना उतरताना दोनदा थांबला. परत वर जावं, असं दोन्ही वेळा वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाईने फॉर्म पुढे सरकवला. "हे जपले कोणी? ते नाव डबीवर नाही येत, पण गिऱ्हाइकं विचारतात."

"मीच," काटकोन म्हणाला, आणि मालकाच्या रकान्यात, रेषेला जराही न चुकता, स्वतःचं नाव लिहिलं.

तीन महिन्यांनी गुण आले, नऊच्या वर, तिन्हींना. बाईने आठवड्यात विकून दिले. त्या पैशांत काटकोनाने वरची कवळी करून घेतली. चांगली बसली. भावजयीला त्याने यातलं काहीच सांगितलं नाही, आणि तीही पुन्हा कधी त्याच्या घराची पायरी चढली नाही.